बगळ्याचा पांढरा रंग

पाणपक्ष्यावर उजेड दोन बाजूंनी पडतो. एक आभाळातून, दुसरा पाण्यावरून उसळून. झाडावरच्या पक्ष्याचे पोट सावलीत बुडालेले असते. उथळ पाण्यात उभ्या असलेल्या शेकाट्याच्या पोटाखाली मात्र पाण्याने धरून ठेवलेला उजेड हलत असतो. हा खालचा उजेड किती मिळेल, हे सूर्यावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. मागचे पाणी छायाचित्रात कसे उतरेल, हे मात्र पाहणारा किती उंचीवर आहे त्यावर ठरते. सरळ वरून पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग शंभरातला जेमतेम २ भाग उजेड परत करतो आणि तळाचा गाळ, शेवाळ, बुडालेल्या काटक्या दिसतात. नजर जसजशी खाली येते तसतसा तोच पृष्ठभाग आरसा होत जातो. म्हणून पुलावरून टिपलेली टिबुकली मळकट पाण्यात पडल्यासारखी दिसते. काठावर पालथे पडून, कोपर चिखलात रोवून टिपलेली तीच टिबुकली पलीकडच्या काठाचा हिरवा, पिवळा, जांभळट रंग सांडलेल्या पाण्यावर तरंगते. पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणात महागड्या भिंगाने जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त गुडघ्याने आणि कोपराने पडतो.

जळगावला लागून असलेल्या असोद्याची ओळख दोन गोष्टींनी पटते. एक भरताची वांगी, आणि दुसरी म्हणजे १८८० साली या गावात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नसलेल्या या बाईने सुगरणीचा खोपा ज्या बारकाईने पाहिला, त्या पाहण्याची सर लांब भिंगाला सहसा येत नाही. असोद्याच्या परिसरात पाणपक्षी शोधायला तळेच गाठावे लागते असे नाही. उत्तरेला तापी, पूर्वेला वाघूर, पश्चिमेला गिरणा आणि जळगाव शहराच्या कडेला मेहरूण तलाव आहेच. पण पाणी दिलेले वावर, भरलेले शेततळे, पाटाची गळती, एवढ्यावरही बगळे, वंचक, टिटव्या, तुतवार आणि काळे शराटी उतरतात. केळीच्या बागेच्या कडेला साचलेल्या गुडघाभर पाण्याकाठी खंड्या बसतो. छायाचित्रकाराला अभ्यासासाठी याहून चांगली जागा मिळणे अवघड, कारण इथे या कामातली सर्वांत कठीण गोष्ट रोज सकाळी समोर उभी असते. ओल्या काळ्या रानात पांढराशुभ्र बगळा.

खान्देशची ही काळी जमीन बेसाल्ट झिजून बनलेली. कोरडी असताना ती राखेकडे झुकते, पाणी दिल्यावर जवळजवळ शाईसारखी होते. ओली काळी माती अंगावर पडलेल्या उजेडातला अगदी थोडा भाग परत देते, तर बगळ्याचे पीस बहुतेक सगळा परत देते. दोहोंतला फरक सहज सोळा पटींचा, छायाचित्रकारांच्या भाषेत चार स्टॉपचा भरतो. माणसाच्या डोळ्याला याचे काही वाटत नाही. तो बगळ्याची पिसेही पाहतो आणि ढेकळांच्या भेगाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मात्र भोळा असतो. जगातले प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असते, असे धरूनच तो बनवलेला आहे. जुन्या परिभाषेत त्या राखाडीला १८ टक्के म्हणतात. चौकटीत काळी जमीन जास्त आणि बगळा लहान असला, की मापकाला वाटते दृश्य अंधारे आहे. तो उजेड वाढवतो, जमीन राखाडी होते आणि बगळा जळतो. जळतो म्हणजे पिसांच्या जागी कोरा पांढरा ठिपका उरतो. तोच बगळा चकाकत्या पाण्यापुढे किंवा फिक्या आभाळापुढे गेला, की मापक उलटी चूक करतो आणि बगळा धुरकट, आजारी दिसतो.

यावर उपाय म्हणजे मापकाचे मत ऐकायचे आणि त्यात दुरुस्ती करायची. काळ्या रानात एक ते दोन स्टॉप उणे, उजळ पाण्यापुढे तेवढेच अधिक. पण बगळा एका जागी थांबत नाही. तो रानातून उठतो, बांधावरच्या बाभळीच्या हिरव्यावरून जातो, क्षणभर आभाळात येतो आणि पुन्हा काळ्यात उतरतो. एवढ्या पाच सेकंदांत मापक चार वेळा मत बदलतो. बगळ्यावर पडणारे ऊन मात्र या पाच सेकंदांत बदललेले नसते. म्हणून खान्देशच्या निरभ्र हिवाळ्यात, जिथे सकाळचे ऊन तासन् तास ढगाशिवाय मिळते, तिथे एक्स्पोजर हाताने ठरवणेच चांगले. पांढऱ्या पिसावर एकदा माप घ्यायचे, पांढरा जळण्याच्या किंचित अलीकडे थांबायचे, आणि मग मागे काय येते-जाते याकडे लक्ष द्यायचे नाही. ऊन चढेल तसे दहा-पंधरा मिनिटांनी ते तपासले की पुरे. ही सवय जडायला एक हिवाळा लागतो, आणि जडल्यावर पुन्हा स्वयंचलित मापाकडे जावेसे वाटत नाही.

काळ्या पक्ष्यांची कथा उलट. पाणकावळा आणि वारकरी हे दोघे काळे. वारकऱ्याला चांदवाही म्हणतात; सगळे अंग काळसर आणि कपाळावर पांढरी चोच-ढाल, भाळी गंध लावल्यासारखी. अंगातला काळा उलगडावा म्हणून उजेड वाढवला तर कपाळावरचा टिळा पुसला जातो. टिळा राखला तर अंगाचा कोळसा होतो. इथे टिळाच राखावा. अंधारात दडलेले पीस नंतर बरेचसे बाहेर काढता येते, जळालेला पांढरा कधीच परत आणता येत नाही.

प्रकाशाची वेळ हा यानंतरचा मुद्दा. डिसेंबरअखेर जळगावला सूर्य सात वाजण्याच्या सुमारास उगवतो आणि भर दुपारीही आभाळात निम्म्या उंचीपर्यंतच, म्हणजे सुमारे ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे हिवाळ्यात उजेड दिवसभर काहीसा तिरपा राहतो. मेच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा पक्ष्याची सावली त्याच्या पायाखाली जाते आणि डोळा कपाळाच्या छायेत हरवतो. पण हिवाळ्यातही दहा वाजल्यानंतर लांबची छायाचित्रे बिघडू लागतात, आणि त्याचे कारण सूर्याच्या उंचीत सापडत नाही. काळी जमीन भराभर तापते, तिच्यावरची हवा झळांनी थरथरू लागते. डोळ्याला जेमतेम जाणवणारी ही थरथर ६०० मिलिमीटरच्या भिंगातून कित्येक पटींनी वाढून दिसते. शंभर मीटरवरच्या बदकाच्या कडा मेणासारख्या वितळतात. नवशिका भिंगाला दोष देतो, फोकस पुन्हा पुन्हा तपासतो. दोष हवेचा असतो, आणि त्याला लवकर येणे किंवा जवळचा पक्षी निवडणे याखेरीज उपाय नाही. संगणकावर ही थरथर काढता येत नाही.

वेगाचे गणित त्या मानाने सोपे. उभा बगळा सेकंदाच्या ५००व्या भागात स्थिर होतो, उडणाऱ्याला १६००वा भाग लागतो, आणि पंख झपाझप मारणाऱ्या लहान बदकांना २५००वा किंवा त्याहून लहान. हवेत एका जागी फडफडत थांबून मग दगडासारखा खाली येणारा कवड्या खंड्या याहूनही वेग मागतो. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावी लागली तर वाढवावी. दाणेदार पण ठाशीव छायाचित्र नंतर सुधारता येते, हललेले सुधारत नाही.

मोठ्या थव्यांसाठी असोद्याहून भुसावळ ओलांडून हतनूरला जावे लागते. तापीवरच्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत; पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी जळगाव जिल्ह्यात दरवर्षी येते. त्याचे मागचे पाणी तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरच्या चांगदेवपर्यंत पसरते. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ धरणाच्या दृष्टीने नुकसानीचा. पण त्यामुळे जी उथळ, चिखलाळ, वनस्पतींनी भरलेली पाणथळ तयार झाली, ती पाणपक्ष्यांना मानवली. देशातल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून इथे लालसरी, तलवार बदक, थापट्या, गडवाल असे पाहुणे उतरतात आणि मार्चपर्यंत परततात. पाणी ओसरते तशी काठाची जमीन उघडी पडते आणि शेतकरी तिच्यात गाळपेर करतात. पक्षी, मासेमारी करणारे भोई आणि गाळपेर करणारे शेतकरी अशा तिघांची ही जागा. छायाचित्रकार चौथा आणि सगळ्यांत शेवटी आलेला, हे त्याने विसरू नये.

जवळ जाण्याची रीत या शेवटच्या माणसाला शिकावी लागते. थवा घाबरण्याआधी तसे सांगतो. आधी चरणे थांबते, मग माना ताठ होतात, मग सगळी तोंडे एका दिशेला वळतात आणि थवा हळूहळू पोहत दूर सरकू लागतो. माना वर झाल्या की थांबायचे. पुन्हा खाली गेल्या की पुढे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाला दिवसभरात चरण्याचे आणि विसाव्याचे तास ठरलेले असतात. आकाशभर उडालेल्या थव्याच्या एका देखण्या छायाचित्रासाठी ते तास हिरावून घेणे हा सरळ सरळ अन्याय आहे. भोयाचा डोंगा पाण्यावरून जातो तेव्हा बदके थोडीशीच बाजूला होतात, काठावरून चालत येणाऱ्या माणसाला मात्र लांबूनच उठतात. रोजच्या डोंग्याशी त्यांची ओळख झालेली असते. घरट्यांच्या बाबतीत तर नियम एकच असावा: विणीच्या काळात जवळ जायचे नाही, आणि लांबून टिपले तरी जागा कोणाला सांगायची नाही.

पक्षी आणि यंत्र यांचे नाते नेहमीच एवढे सौम्य नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये उडणाऱ्या पक्ष्यांची हालचाल टिपण्यासाठी जो कॅमेरा बनवला, तो बंदुकीच्याच आकाराचा होता. खांद्याला लावून, नेम धरून, चाप ओढून तो सेकंदाला १२ चित्रे घेई. त्याच काळात युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची विणीच्या काळातली झालरदार पिसे सोन्याच्या भावाने विकली जात होती, आणि त्यासाठी बगळे घरट्यांवर मारले जात होते. भारतातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली. आज असोद्याच्या रानात बगळा नांगरामागे निर्धास्त चालतो, तो सगळीकडे नेहमीच असा निर्धास्त नव्हता. पावसाळ्यात त्याच्या पाठीवर उतरणारी ती झालर छायाचित्रात नीट यावी, तिचा एकेक धागा सुटा दिसावा, अशी ओढ छायाचित्रकाराला लागते. एके काळी ज्या पिसांपायी पक्षी मारला गेला, तीच पिसे आता पक्ष्याच्या अंगावर राहून पाहायची आहेत.

पाण्याकाठी काम निम्मेच होते. मारे यांच्या १२ चित्रांच्या जागी आजचे कॅमेरे सेकंदाला २०-३० चित्रे घेतात, आणि एका सकाळी हजार-दीड हजार चौकटी जमतात. धान्य पाखडावे तशी त्यांची पाखडणी करावी लागते. पहिला निकष पक्ष्याचा डोळा. तो ठाशीव नसेल तर बाकी काहीही चांगले असले तरी उपयोग नाही. काही चौकटींत डोळा ठाशीव असूनही दुधाळ दिसतो. पक्ष्यांना डोळ्यावरून आडवी सरकणारी तिसरी पापणी असते, ती त्या क्षणी मिटलेली असते. सूर मारणाऱ्या खंड्यात हे बरेचदा सापडते. अभ्यासासाठी अशी एखादी चौकट ठेवावी, दाखवण्यासाठी पुढची घ्यावी. मान किंचित आपल्याकडे वळलेली, पाय एकमेकांमागे न लपलेले, पाण्यातले प्रतिबिंब न कापलेले, असे बघत बघत हजारातून वीस उरतात. वीसही पुष्कळ झाले.

उरलेल्या चौकटींवर काम करायचे तर त्या रॉ स्वरूपात असायला हव्यात. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात; १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. बगळ्याची सगळी पिसे उजेडाच्या सगळ्यात वरच्या थोड्या पायऱ्यांवर बसलेली असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो. रॉ फाईल म्हणजे अजून चित्र नव्हे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी शोधलेल्या, १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत संवेदकाच्या निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पावावर लाल आणि पावावर निळी गाळणी असते. प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. म्हणजे संगणकावर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रंगीत छायाचित्राचा दोन तृतीयांश रंग मुळातच हिशेबाने काढलेला असतो. ‘मी छायाचित्रावर काहीच केलेले नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांसाठी ते काम कॅमेऱ्याने केलेले असते, एवढाच अर्थ. सॉफ्टवेअर कोणतेही चालते; डार्कटेबलसारखे मोफत साधनही या कामाला पुरे पडते.

सुरुवात पांढऱ्यापासूनच करावी. बगळ्याच्या पिसात रंगद्रव्य नसते. पिसातल्या केराटिनातून आणि हवेच्या पोकळ्यांतून सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसते. साहजिकच तो पांढरा भोवतालचा रंग उचलतो: सकाळी केशरी, सावलीत निळसर, केळीच्या पानांखाली हिरवट. संगणकाला ‘हे पांढरे आहे’ असे दाखवले की तो सगळा रंग धुऊन काढतो, आणि सात-सव्वासातला टिपलेला बगळा भर दुपारी टिपल्यासारखा दिसू लागतो. सावलीतला निळा कमी करावा, पण पहाटेचा केशरी ठेवावा. आणखी एक फसवी गोष्ट इथेच असते. कोवळ्या उन्हात पिसांचा लाल हिस्सा सर्वांत आधी जळतो. एकूण उजेडाचा आलेख ठीक दिसत असतो, पण लाल आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि पिसे पिवळट, चिकट दिसतात. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

मग काळी जमीन. ती उजळण्याचा मोह होतो, कारण उजळली की ढेकळे, मुळे, पाण्याची रेघ सगळे दिसू लागते. थोडी उजळावी. जास्त उजळली की काळी कसदार जमीन मुरमासारखी होते आणि छायाचित्र खान्देशातले राहत नाही.

रंगांच्या बाबतीत मराठी नावे हाताशी ठेवावीत. ती पक्षी नीट पाहूनच पडलेली आहेत. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त अशी नावे मोठ्या मायेने गोळा केली. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लालसर ठिपका असलेल्या बदकाला हळदीकुंकू म्हणतात. रंगांची तीव्रता वाढवण्याची पट्टी जरा जास्त सरकली की हळद नारिंगी होते आणि कुंकू भडक गुलाल. नावात सांगितलेला रंग पडद्यावर दिसला की थांबावे. खंड्याच्या पाठीचा निळा बगळ्याच्या पांढऱ्यासारखाच रंगद्रव्यातून न येता पिसाच्या सूक्ष्म घडणीतून येतो, आणि त्यातल्या सर्वांत गडद हिरव्या-निळ्या छटा मोबाइलवर वापरल्या जाणाऱ्या एसआरजीबी रंगमर्यादेत मावतच नाहीत. त्या जबरदस्तीने बसवायला गेले की पाठीवरची पिसे एकमेकांत मिसळून निळ्या रंगाची सपाट चकती होते. इथे तीव्रता कमी करणे हेच रंग वाचवणे असते.

दाणे घालवणारी नवी साधने विलक्षण चांगली आहेत, तरी त्यांच्याकडे सावध नजरेने पाहावे. पार्श्वभूमीच्या पाण्यावर ती खुशाल वापरावीत. पिसांवर वापरताना शंभर टक्के मोठे करून बघावे, कारण पिसे नीट दिसत नसतील तर ही साधने स्वतःच्या कल्पनेने पिसे काढून देतात, आणि ती त्या पक्ष्याची नसतात. कातरताना पक्ष्याच्या तोंडापुढे मोकळे पाणी ठेवावे. त्याच्या भोवतीच्या वस्तू पुसण्याबाबत मात्र या लेखाचे मत ठाम आहे. बगळ्याच्या पायाजवळून जाणारी ठिबकची नळी, मागचा विजेचा खांब, पाण्यावर तरंगणारी पिशवी, हे सगळे त्या सकाळी तिथे होते. नको असेल तर पाण्याकाठी असतानाच दोन पावले सरकून चौकट बदलावी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या नावाजलेल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत अंतिम टप्प्यावर मूळ रॉ फाईल मागतात, ती याच कारणासाठी. शिवाय ठिबकच्या नळीशेजारी चोच रोखून उभा असलेला बगळा हा आजच्या असोद्याचा खरा बगळा आहे; नळी पुसली तर तो कुठलाच राहत नाही.

फाईलला तारीख, जागा आणि पक्ष्याचे नाव जोडल्याशिवाय काम संपवू नये. लहान बगळ्याची चोच काळी आणि पाय काळे, पण पंजे पिवळे. मोठ्या बगळ्याचे पंजेही काळे. पंजे चिखलात असतील तर छायाचित्रावरून चूक होते, म्हणून तो उठताना घेतलेली एक साधी चौकटही जपून ठेवावी. मंगोलियात पट्टकादंब हंसांच्या गळ्यात हिरवे पट्टे अडकवतात. त्यांवरची अक्षरे भारतातल्या तळ्यांकाठी लांब भिंगांतून वाचली गेली आहेत, आणि अशा धूसर, कलाहीन छायाचित्रांनी पक्ष्याच्या प्रवासाची दोन टोके जोडली आहेत. ईबर्डसारख्या ऑनलाइन पक्षिनोंदवह्यांत अशी चित्रे देखण्या चित्रांइतकीच मोलाची ठरतात.

शेवटी छपाई. पडद्यावर पांढरा म्हणजे सर्वांत जास्त उजेड, कागदावर पांढरा म्हणजे शाई नाही. पूर्ण पांढऱ्या ठिपक्यावर छपाईयंत्र काहीच टाकत नाही आणि तिथे कोरा कागद चमकतो. तिरपे धरले की बगळ्याच्या पाठीवर भोक पडल्यासारखे दिसते. म्हणून छापण्यापूर्वी पिसांतला सर्वांत उजळ भाग २५५ वर न ठेवता २४५च्या आसपास उतरवतात, म्हणजे तिथेही शाईचा एक पुसट थर बसतो. कागद चकचकीत नसलेला, किंचित कोमट पांढरा निवडतात. काळ्यासाठी याच कागदावर एक लहान पट्टी आधी छापून बघतात, कारण चकाकी नसलेल्या कागदावर काळा थोडा फिका पडतो आणि ओली जमीन कोरडी दिसू लागते. पट्टीवर ढेकळांच्या भेगा आणि पाठीवरची झालर दोन्ही एकदम दिसल्या, की मग पूर्ण आकाराची प्रत छापायला देतात.